जळमटं, व्हॅक्यूम क्लिनर आणि आजी

उद्या सकाळी आई-बाबा येतायत. फ्लॅटची अवस्था सांगण्यासारखी नाही. नेहमीच्या सवयीने रात्री दोनपर्यंत फरशी घासायचा बेत होता. त्याऐवजी हे लिहायला बसलोय, त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी आजी साताऱ्याहून चार दिवस राहायला आली होती. मी मुद्दाम रजा टाकली आणि त्यातले दोन दिवस माळा, बाथरूम आणि खिडक्यांच्या जाळ्या साफ करण्यात घालवले. निघताना ती म्हणाली, "घर आरशासारखं ठेवलंयस रे बाळा, पण तू काही टेकला नाहीस बघ." आता गुडघ्यांमुळे तिला जिनासुद्धा उतरवत नाही. ती परत इथे येईलसं वाटत नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की हे 'चकाचक घर' प्रकरण आलं कुठून? शोधता शोधता पोचलो थेट १९०१ सालच्या लंडनला.

ह्यूबर्ट सेसिल बूथ हा आपल्यासारखाच एक इंजिनियर. त्याचा व्हॅक्यूम क्लिनर एवढा अवाढव्य होता की घोडे जुंपून आणायचा, रस्त्यावर उभा करायचा आणि लांबलचक नळ्या खिडकीतून आत सोडायच्या. श्रीमंत बायका ही गंमत बघायला मैत्रिणींना चहाला बोलवायच्या. म्हणजे साफसफाई हाच पाहुण्यांचा कार्यक्रम! :-)

पुढे १९०८ साली अमेरिकेत जेम्स स्पँग्लर या दुकानात झाडलोट करणाऱ्या, दम्याने त्रासलेल्या माणसाने हाताळता येईल अशा यंत्राचं पेटंट घेतलं. ते हूव्हरने विकत घेतलं आणि यंत्र घरात शिरलं. आता बायकांचा वेळ वाचणार, नाही का?

इथेच गोची आहे. जोअ‍ॅन व्हानेक या संशोधक बाईंनी १९७४ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हिशोब मांडला. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करायची. १९६० च्या दशकात? ५५ तास! मधल्या काळात घरोघरी वीज, वॉशिंग मशिन, व्हॅक्यूम क्लिनर सगळं येऊन गेलं होतं.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात याचं कारण सांगितलंय. पूर्वी गालिचे वर्षातून एक-दोनदा अंगणात नेऊन झोडपायचे, आणि त्या कामाला घरातले पुरुष, पोरं, गडी सगळे लागायचे. यंत्र आल्यावर तेच काम दर आठवड्याला होऊ लागलं, आणि तेही एकट्या बाईच्या गळ्यात पडलं. कष्ट हलके झाले, पण अपेक्षा वाढल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर फास्ट झाला आणि क्लायंटने रिक्वायरमेंट वाढवली.

त्यात जंतूंची भीती आणि कंपन्यांच्या जाहिराती यांची भर पडली. क्रिस्टीन फ्रेडरिक बाईंनी १९१२ पासून टेलरचं कारखान्यातलं शास्त्र स्वयंपाकघरात आणलं, आणि १९२९ साली याच गृहिणींना माल कसा विकावा यावर उत्पादकांसाठी पुस्तक लिहिलं!

आता आजीकडचं आठवतं. सणाच्या आधी जमीन सारवायची, तेव्हा आलेल्या आत्या-मावश्याही पदर खोचून बसायच्या. गप्पा आणि काम एकत्रच चालायचं. ते दिवस सोन्याचे होते असं अजिबात म्हणणार नाही. शेण कालवणारे हात बायकांचेच होते, आणि पुरुष ओट्यावर पान खात बसायचे. पण 'आधी घर आवरू, मग माणसांकडे बघू' असा भेद तिथे नव्हता. पाहुणा म्हणजे इन्स्पेक्शनला आलेला क्लायंट नव्हता.

तेव्हा ठरलंय. आज फक्त बाथरूम आणि ओटा साफ करायचा, चादरी बदलायच्या. बस्स. जळमटं उद्या बाबांबरोबर काढेन. ते खुर्ची धरतील आणि वरून सूचना देतील, आई शेंगा सोलता सोलता दोघांनाही हसेल. दुपारी आजीला फोन लावू. या वेळी मात्र मी टेकणार आहे.