कुंडी भंडारा आणि शहरांचे हवामान-अनुकूलन

कुंडी भंडारा (खुनी भंडारा) : बुऱ्हाणपूर (मध्य प्रदेश) येथील मोगलकालीन भूमिगत पाणीपुरवठा व्यवस्था. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, 1615 मध्ये, फारसी भूशास्त्रज्ञ तबकतुल अर्ज याने तिची आखणी केली. सातपुड्याच्या डोंगरात मुरून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारांत अडवून, केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणले जाई. ओळीने खोदलेल्या कुंड्यांमुळे भुयारात हवा खेळते आणि साफसफाईही करता येते. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत तिचा समावेश झाला.

असे मुरलेले पाणी आजच्या शहरांनाही हवे आहे; पण तापमानवाढीमुळे पाऊस थोड्या दिवसांत धो-धो कोसळतो. शहरातल्या काँक्रीटमुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. तिचा हवामान कृती आराखडा आला तो मार्च 2022 मध्ये. उन्हाळ्यात हेच काँक्रीट रात्रीही तापलेले राहते. म्हणून मुरणक्षेत्रे, तलाव आणि झाडी राखणे हे शहरांचे पहिले काम आहे. भंडाऱ्याचे पाणीही डोंगरउतारावरील जंगलावर आणि भूजलावर अवलंबून आहे. बुऱ्हाणपूर या केळीच्या जिल्ह्यात भूजल शेतीलाही लागते, त्यामुळे उपशाला मर्यादा घातल्याशिवाय नुसती भुयारांची डागडुजी अपुरीच ठरेल.