जुन्या मोटारगाडीतील अतिरिक्त वायरिंग

जुन्या मोटारगाडीत धुक्याचे दिवे, जादा हेडलाइट यांसारखी उत्पादकाने न दिलेली उपकरणे बसवण्यासाठी केलेल्या स्वतंत्र तारजोडणीस अतिरिक्त वायरिंग असे म्हणतात. हे काम सहसा ऑटो इलेक्ट्रिशियन करतात. तार, फ्यूज व रिले यांची निवड दिव्याच्या विद्युतभारानुसार न केल्यास वायरिंग तापून गाडीला आग लागू शकते.

पार्श्वभूमी

मुंबईतील कुर्ला येथे पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा महिंद्राच्या जुन्या जीप या गाड्यांची मूळ वायरिंग मोजक्या उपकरणांसाठी आखलेली होती. बीड जिल्ह्यातील उमापूर (ता. गेवराई) यांसारख्या ग्रामीण भागांत गावाबाहेरील रस्त्यांवर पथदिवे क्वचितच असतात. ऊस वाहतुकीच्या हंगामात मागील दिवे नसलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या रात्री उशिरा नजरेस पडतात. त्यामुळे अशा भागांत अधिक प्रकाशाची गरज भासते.

विद्युतभार

प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर विद्युतधारा घेतात. जुन्या गाड्यांतील डायनॅमो इंजिनाच्या मंद गतीत पुरेशी वीज निर्माण करत नाही. त्या वेळी हा भार बॅटरीवर पडतो. एलईडी दिव्यांना तुलनेने कमी वीज लागते.

तार जितकी बारीक व लांब, तितका तिचा विद्युतरोध अधिक असतो. हॅलोजन दिव्यास मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. म्हणूनच मंद प्रकाशाचे कारण अनेकदा दिव्यात नसून तारेत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असते.

रचना

सुरक्षित जोडणीत दिव्यांना वीज थेट बॅटरीतून रिलेमार्गे दिली जाते. डॅशबोर्डवरील स्विच केवळ रिले चालवतो. त्यामुळे त्यातून अल्प धारा वाहते. चार टोकांच्या प्रचलित रिलेमध्ये ३० हे टोक बॅटरीला, ८७ दिव्याला आणि ८५ व ८६ ही टोके नियंत्रणासाठी जोडतात.

फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवतात, कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तारेला कोणतेही संरक्षण नसते. फ्यूजची क्षमता तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावी लागते. वरील दिव्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व १५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा ठरतो. पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट बसवतात. अन्यथा कंपनाने आवरण घासून शॉर्ट सर्किट होते. फ्यूज वारंवार जात असल्यास त्याजागी जाड तार गुंडाळणे धोकादायक असते, कारण मग दोष दूर न होता संपूर्ण वायरिंग तापते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकास प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढील दिव्यांचा झोत खाली वळवलेला असावा लागतो. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपल्यास त्याला रस्त्यावरील पादचारी किंवा बैलगाडी दिसत नाही. त्यामुळे अधिक प्रकाशासाठी बसवलेला दिवाच अपघातास कारणीभूत ठरू शकतो.