जीपगाडीचा कायापालट

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी पांढुर्णा सोडून तिगावला पोचली, की संत्र्यांच्या बागांचा सखल मुलूख मागे पडतो आणि चिचोंड्यापर्यंतची घाटाची चढण सुरू होते. तापीचे उगमस्थान असलेले मुलताईचे पठार या चढणीच्या माथ्यावर आहे. जड मालगाडीला येथे मागून रेटा देणारे जादा इंजिन लावण्याची वहिवाट आहे. रेल्वेने आपली अडचण अशी सरळ सोडविली. पुढच्या इंजिनाचे बळ पुरेना, तेव्हा मागे दुसरे जोडले. परंतु याच पठाराकडे रस्त्याने जाणाऱ्या मोटारीला ही सोय नाही. तिने जो काही चढ चढावयाचा, तो एकाच इंजिनाच्या, दात्यांच्या चार-सहा चक्रांच्या आणि जमिनीला टेकलेल्या रबराच्या आधारावर. म्हणून जुन्या मोटारीत अधिक जोरकस इंजिन बसवावे, नवा गिअरबॉक्स घालावा, मागे रुंद टायर चढवावेत, असे मनोरथ जेव्हा कोणी रचतो, तेव्हा तो एका भागाचा नव्हे, तर एका संपूर्ण साखळीचा विचार हाती घेत असतो. या विचाराचा उत्तम धडा महाराष्ट्रात घडलेल्या जीपगाडीच्या इतिहासात सापडतो.

जीपच्याही आधी हा धडा आपल्या बैलगाडीने दिला होता. लोखंडी धाव चढविलेली लाकडी चाके जाऊन त्यांच्या जागी रबरी टायर व बेअरिंगे आली आणि ती गाडी 'डनलॉप' या नावानेच खेडोपाडी ओळखली जाऊ लागली. सडकेवर तीच बैलजोडी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक ओझे सहज ओढू लागली. पण जी गाडी सहज चालते ती सहज थांबत नाही. उतारावर लाकडी चाकाचे घर्षण बैलांना जी मदत करीत असे, ती नाहीशी झाली आणि भरलेल्या गाडीचा सगळा रेटा जुवावाटे बैलांच्या मानेवर येऊ लागला. चाक सुधारले, तेव्हा रोधाचाही विचार करावयास हवा होता. तो जेथे झाला नाही, तेथे त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली.

जीपचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना गती देणारी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सादर केला. तथापि पुढे विलिस-ओव्हरलँड कंपनीचा आराखडा मुख्यतः मान्य झाला, याचे एक मोठे कारण तिचे इंजिन हे होते. सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे ते पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्ती देत असे. त्याला तीन गिअरांचा गिअरबॉक्स आणि त्यामागे उंच व सखल अशा दोन गतींची दुसरी पेटी जोडलेली होती.

युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून विकली जाऊ लागली. हिंदुस्थानात १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. हळूहळू भागही येथेच बनू लागले. या कंपनीने दीर्घकाळ काढलेली गाडी म्हणजे सी.जे. ३-बी. तिचा चेहरा पाहिला, तर जुन्या जीपपेक्षा तिचे बॉनेट स्पष्टपणे उंच दिसते. हा शोभेचा भाग नव्हे. विलिसने जुन्याच आकाराच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूस नेले. त्यामुळे शक्ती ७० अश्वशक्तीच्या वर गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने बॉनेटच उंच केले. इंजिन बदलले, की त्याचे घरही बदलावे लागते, ही गोष्ट या गाडीच्या कपाळावरच जणू लिहिलेली आहे. अमेरिकेत सी.जे. ३-बी १९६८ साली बंद पडली. येथे तिची परंपरा त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिली.

या गाडीची चढण चढण्याची करामत आकड्यांतच पाहण्याजोगी आहे. मागच्या धुऱ्यावरील क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ होते. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले, की चाकाचा एक फेरा होई. पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८० आणि दुसऱ्या पेटीच्या सखल गतीचे २.४६. या तिन्हींचा गुणाकार केला, तर सुमारे ३७ येतो. इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदाच फिरते. त्याच मानाने, घर्षणात जाणारा भाग वगळता, चाकाचा जोर वाढतो. ही गाडी चिखलातून व दगडधोंड्यांतून वाट काढी, ती इंजिनाच्या बळापेक्षा या गुणाकाराच्या बळावर.

१९७३ साली तेलाचे संकट आले. जगभर खनिज तेलाच्या किमती कडाडल्या आणि पेट्रोलवर चालणारी जीप सामान्य मालकाला परवडेनाशी झाली. उपाय घराजवळच होता. १९६३ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही महिंद्रांच्याच भागीदारीतील संस्था बी-२७५ जातीचे ट्रॅक्टर बनवीत होती. १९७७ साली ती महिंद्र कंपनीत विलीन झाली. या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये बसविण्यात आले. तालुक्याच्या गावातील मिस्त्रीला ट्रॅक्टरचे इंजिन ठाऊक होते, ही मालकाच्या दृष्टीने लहान सोय नव्हती.

पण ट्रॅक्टरचे इंजिन हे मंदगती, जड आणि चिवट. ते भार ओढण्यासाठी जन्मलेले, धावण्यासाठी नव्हे. ६.००-१६ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापतो, असे धरू. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असता ५.३८ च्या प्रमाणाने गाडीचा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर भरतो. त्याच जागी २,४०० फेऱ्यांवर थांबणारे डिझेल इंजिन बसविले, तर तोच वेग ५९ वर येतो. मागील प्रमाण ५.३८ ऐवजी ४.२७ केले, तर तो ७४ पर्यंत चढतो. परंतु त्याबरोबर सखल गतीतील तो ३७ चा गुणाकारही २९ वर उतरतो. सपाटीवर जे मिळवावे, ते घाटात द्यावे लागते. डिझेल इंजिनाचा मंद फेऱ्यांवरील जोर अधिक असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

यापुढचे पाऊल अधिक विचाराचे होते. १९७९ साली महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्स.डी.पी. ४.९० या डिझेल इंजिनाबाबत करार केला. ही इंजिने बनविण्याचा कारखाना इगतपुरीला उभा राहिला. इगतपुरी म्हणजे थळघाटाचा माथा. कसाऱ्याहून तेथवर येणाऱ्या आगगाड्यांनाही ३७ फुटांस एक फूट या चढणीवर मागून इंजिने लावावी लागतात. तिगावच्या घाटाची ती जणू थोरली बहीणच. प्यूजोचे इंजिन २,११२ घनसेंटिमीटरचे, म्हणजे आकाराने जुन्या पेट्रोल इंजिनाएवढेच. परंतु ते ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा चपळ होते. या इंजिनाला साजेसा चार गिअरांचा गिअरबॉक्स ऐंशीच्या दशकात कोरियाच्या किया कंपनीच्या साहाय्याने आणण्यात आला. इंजिन फ्रान्सचे, गिअर कोरियाचे, सांगाडा मूळ अमेरिकेचा आणि घडण महाराष्ट्रातील हातांची, अशी ही गाडी विदर्भाच्या रस्त्यांवर माणसे व माल वाहत राहिली.

कारखान्याने जे वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर केले, ते पुष्कळ मालकांनी गॅरेजमध्ये चार दिवसांत करून घेतले. पेट्रोलची जीप स्वस्तात घ्यावयाची, भंगारातून डिझेल इंजिन मिळवावयाचे, लोखंडी पट्ट्या जोडून ते चासीवर बसवावयाचे, असा तो प्रघात. त्यातल्या चांगल्या मिस्त्रींनी थक्क करणारे काम केले, हे मान्य केले पाहिजे. पण जेथे हिशेब चुकला, तेथे दोष ठराविक क्रमाने प्रकट होत. जड इंजिनाच्या भाराने पुढचे पाटे बसत. डिझेलच्या कंपनाने इंजिनाचे टेकू व चासीचे जोड तडकत. जुना क्लच नवा जोर पेलू शकत नसे. क्लच दणकट केला, तर गिअरचे दाते तुटत, आणि गिअरबॉक्स बदलला, तर मागील शाफ्टचे क्रॉस किंवा क्राउन-पिनियन हार खाई. जोर नेहमी साखळीतील सर्वांत दुबळी कडी शोधून काढतो.

टायरांच्या बाबतीत मोह आणखी मोठा असतो, कारण ते बदलणे सर्वांत सोपे. ६.०० च्या जागी ७.००-१६ चा टायर घातला, तर चाकाचा व्यास सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच प्रमाणात गिअर 'लांब' होतात, चढावरील जोर घटतो आणि वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. मागील चाकांची पकड वाढावी म्हणून केवळ मागे मोठे टायर घालणे हे दोन चाकांवर चालणाऱ्या मोटारीत एक वेळ चालेल, जीपमध्ये चालणार नाही. जीपची चारही चाके जोडली, म्हणजे पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतो. चाकांचे घेर भिन्न असले, तर कोरड्या सडकेवर दोन्ही धुरे एकमेकांशी झुंजू लागतात आणि मधली पेटी पिळवटून निघते. मोठ्या चाकावर जुन्या ब्रेकचा प्रभावही कमी पडतो, हे तर बैलगाडीनेच शिकवून ठेवले आहे.

आता या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलण्याचा विषय नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशी बांधलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या निर्बंधास दुजोरा दिला. उलट बाजूने, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. तिच्यात अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्यात मोठी उलथापालथ झालेली नसावी. अशा गाडीचा नित्य किंवा व्यापारी वापर करता येत नाही.

एवंच जुन्या जीपच्या मालकापुढे आज दोन वाटा आहेत. गाडी वारसा म्हणून जपावयाची असेल, तर तिचे मूळ इंजिन दुरुस्त करून तिच्याच चालीने तिला चालू द्यावे. ती कामाला जुंपावयाची असेल, तर आधी मंजुरी घ्यावी, आणि मग विचाराचा क्रम उलटा धरावा. गाडीने कोणता रस्ता, किती ओझे घेऊन चालावे, हे प्रथम ठरवावे. त्यावरून टायर, टायरावरून मागील प्रमाण, त्यावरून गिअरबॉक्स, आणि सर्वांत शेवटी इंजिन. ब्रेक मात्र प्रत्येक पायरीवर तपासावा. पुष्कळजण याच्या नेमके उलट करतात. प्रथम इंजिन विकत घेतात आणि मग त्याच्यासाठी उरलेली गाडी शोधत बसतात.

तिगावच्या घाटात मालगाडी चढू लागते, तेव्हा पुढचे व मागचे इंजिन एकमेकांचा अंदाज घेऊन जोर लावतात. त्यांच्यात मेळ नसेल, तर मधले डबे त्याची शिक्षा भोगतात. जीपचा सारा इतिहास हेच सांगतो. तिचे इंजिन किती बदलले याला महत्त्व कमी आहे, प्रत्येक वेळी बाकीची गाडी त्याच्याबरोबर बदलली म्हणून ती टिकली. घाट चढून जाणाऱ्या वाहनात माणसे बसलेली असतात. त्यांच्या जिवाचा हिशेब अश्वशक्तीत मांडता येत नाही, तो या मेळातच मांडावा लागतो.