जव्हारचा राजवाडा आणि त्यामागील भूमी

राजवाडा पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा त्यातील वैभव पाहून परत फिरतो. ते वैभव कोणत्या भूमीवर आणि कोणाच्या श्रमावर उभे राहिले, हा प्रश्न त्याच्या मनास क्वचितच शिवतो. पालघर जिल्ह्यातील जव्हारास येणाऱ्या प्रवाशाची रीत हीच. सकाळी जयविलास राजवाडा, तेथून हनुमान पॉइंटवरील दरीची शोभा, आणि पावसाळा असल्यास सुमारे वीस किलोमीटरांवरील दाभोसा गावचा धबधबा. एवढे पाहिले म्हणजे जव्हार पाहून झाले, असे तो समजतो. आमचे म्हणणे असे की, या दोन स्थळांच्या मध्ये जो प्रदेश लागतो, तो वाचल्यावाचून ना राजवाड्याचा अर्थ कळतो, ना धबधब्याचा.

प्रथम राजवाड्याविषयी. टेकडीच्या माथ्यावर गुलाबी दगडांत बांधलेली, पाश्चात्त्य धाटणीचे खांब व घुमट मिरवणारी, भोवती दाट झाडी असलेली ही वास्तू पाहून प्रवाशास वाटते की, हेच त्या पुरातन राज्याचे मूळ स्थान असावे. वस्तुस्थिती उलट आहे. जुना राजवाडा गावात निराळाच होता. जयविलास बांधला तो राजे यशवंतराव मुकणे यांनी. त्यांचा जन्म १९१७ सालचा. वयाच्या दहाव्या वर्षी, १९२७ मध्ये ते गादीवर आले. आणि १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे ज्या वास्तूस आपण राज्याची खूण मानतो, ती त्या राज्याच्या संध्याकाळची आहे. सहाशे वर्षांच्या राज्याने आपले सर्वांत देखणे घर शेवटच्या काही वर्षांत बांधावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

सहाशे वर्षे हा आकडा अतिशयोक्तीचा नव्हे. मुकणे घराणे महादेव कोळी जमातीचे. थळ घाटाजवळील मुकणे येथील जयबा हा त्याचा मूळ पुरुष. त्याचा पुत्र नेमशाह यास दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी आणि बावीस किल्ल्यांच्या व नऊ लाख उत्पन्नाच्या मुलखास मान्यता मिळाली. त्या दिवसापासून, म्हणजे ५ जून १३४३ पासून, राज्यात नवा शक सुरू झाला व तो दप्तरी लेखांत वापरला जाई. आदिवासी घराण्याने स्वतःचा शक चालवावा, ही गोष्ट आमच्या शालेय इतिहासांत अजून पुरेशी आली नाही.

हे राज्य टिकले कसे? पश्चिमेस किनाऱ्यावर पोर्तुगीज, पूर्वेस घाटावर सुलतान व मोगल, पुढे मराठे. या साऱ्यांच्या मध्ये जव्हार सापडलेले. त्यास तारले ते मुख्यतः दऱ्याखोऱ्यांनी आणि काही अंशी राजांच्या लवचिकपणाने. १६६४ मध्ये सुरतेच्या मार्गावर असता शिवाजी महाराज येथे आले आणि राजा विक्रमशाह यांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला, अशी आख्यायिका शिरपामाळ या स्थळाशी निगडित आहे. प्रवासी तेथे नमस्कार करून पुढे जातो; परंतु त्यानंतर आठच वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेऊन सतरा लाखांचा खजिना हस्तगत केला व विक्रमशाहास मोगल मुलखाचा आश्रय करावा लागला, हे त्यास कोणी सांगत नाही. शिरपेच खरा मानावा तर खजिन्याची वाटही सांगितली पाहिजे. पेशवाईत राज्य अधिकच आक्रसले. १७८२ मध्ये राजाकडे अवघा पंधरा-वीस हजारांचा मुलूख राहिला. इंग्रजी अमलात नऊ तोफांच्या सलामीचा मान होता खरा, पण १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ४७,५३८ इतकीच भरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. राज्याच्या स्थापनेची जी कथा १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात नोंदलेली आहे, ती अशी : जव्हार पूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबाने त्याजकडे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली. नायकाने ती दिली. तेव्हा जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या चिरून त्यांनी मोठा मुलूख वेढला. कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी हीच कथा प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. म्हणून तीस अक्षरशः इतिहास मानता येणार नाही. तथापि कथेतील कातडे उसने असले तरी वारली नायक उसना नाही. राजघराण्याची थोरवी गाणाऱ्या कथेनेही भूमी मूळची कोणाची होती, हे लपविलेले नाही. आमच्या मते तिचे खरे ऐतिहासिक मोल ते हेच.

या कसोटीने पाहता जव्हार ते दाभोसा हा रस्ता बोलू लागतो. दुतर्फा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचे पाडे आहेत. जयविलास ज्या पिढीत उभा राहिला, त्याच पिढीत, १९४५ साली, शेजारच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांत वारल्यांनी जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. १९४८ नंतर राजे राहिले नाहीत. १९६२ मध्ये यशवंतराव स्वतः भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. तरीही १९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कोठे महाराष्ट्रास जव्हार कळले.

दाभोशाचा लेंडी नदीचा प्रपात सुमारे तीनशे फूट खाली कोसळतो. पावसाळ्यात इतके पाणी जेथून वाहून जाते, त्याच जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत उन्हाळ्यात बायका हंड्यासाठी मैलोगणती चालतात. दमणगंगेचे पाणी पिंजाळेत वळवून मुंबईस नेण्याच्या योजनेत जव्हार तालुक्यातील वाघ नदीवरही धरण योजिलेले आहे. नगरांस पाणी हवे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु कातड्याएवढेच मागून मुलूख वेढण्याची कथा या भूमीस ठाऊक आहे, एवढे नगरवासीयांनी ध्यानी ठेवावे.

म्हणून राजवाडा पाहू नये असे नव्हे, अवश्य पाहावा. एका डोंगरी जमातीच्या घराण्याने सहाशे वर्षे राखलेल्या स्वत्वाची ती शेवटची निशाणी आहे आणि तिचा अभिमान महाराष्ट्राने धरावा. मात्र त्याच्या गच्चीवरून जे पाडे दिसतात, त्यांचाही इतिहास लिहावयाचा राहिला आहे. त्यांना शक चालविता आला नाही आणि दप्तर ठेविता आले नाही. त्यांच्या नोंदी गीतांत, बोहाड्याच्या सोंगांत आणि भिंतीवरच्या तांदळाच्या पिठातील चित्रांत आहेत. त्या वाचण्यास शिकणे हे आमच्या इतिहासलेखकांचे पुढचे काम होय.