होंडा सीएल७२ स्क्रॅम्बलर

होंडा सीएल७२ स्क्रॅम्बलर ही होंडा या जपानी कंपनीने १९६२ साली बाजारात आणलेली २५० सीसी वर्गातील मोटारसायकल होय. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावी अशा हेतूने तिची रचना करण्यात आली होती. होंडाच्या 'सीएल' या मालिकेतील ही पहिली महत्त्वाची मोटारसायकल असून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून ती घडवली गेली. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातून १९६२ मध्ये झालेल्या एका धाडसी प्रवासामुळे तिचे नाव मोटारसायकलींच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

पार्श्वभूमी

'स्क्रॅम्बल' हा शब्द ब्रिटनमधील खडबडीत माळरानावरील शर्यतींतून आला. १९२४ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे अशी एक शर्यत झाली व पुढे हेच नाव या क्रीडाप्रकारास चिकटले. मोटोक्रॉस हा त्याचाच पुढचा अवतार. त्या काळी शर्यतीसाठी वेगळी मोटारसायकल मिळत नसे. रस्त्यावरच्याच गाडीचे दिवे व जड मडगार्ड काढून, रुंद हँडल बसवून आणि एक्झॉस्टच्या नळ्या वर उचलून ती मैदानात उतरवली जाई. दगडावर आपटून नळी चेपू नये आणि ओढा ओलांडताना पाणी आत शिरू नये, एवढाच त्या उंच नळ्यांचा मूळ उद्देश होता. तिचा डौल लोकांना पुढे आवडू लागला.

होंडाने १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकन होंडा ही उपकंपनी स्थापन केली. कॅलिफोर्नियात शहर संपताच वाळवंट आणि डोंगर सुरू होतात, त्यामुळे तेथील चालकांना आडवाटेवर जाणारी गाडी हवी असे. हे काम तोवर मुख्यतः ब्रिटिश बनावटीच्या मोटारसायकली करीत. जपानी गाड्या नाजूक, शहरापुरत्या आणि हलक्या समजल्या जात. सीएल७२ला बाजारपेठेइतकाच या समजुतीशीही सामना करावा लागला.

रचना

सीएल७२चे इंजिन होंडाच्या सीबी७२ या रस्त्यावरील मोटारसायकलीकडून घेतलेले होते. २४७ सीसी क्षमतेच्या या चार-स्ट्रोक इंजिनात दोन समांतर सिलिंडर होते. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा पल्ला दोन्ही ५४ मिलिमीटर असून कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर होता व तो मधून जाणाऱ्या चेनने फिरे. ९,००० फेऱ्यांना २४ अश्वशक्ती हा आकडा त्या काळी एवढ्या लहान इंजिनासाठी चकित करणारा होता. इंजिनाचे कवच आडवे दुभागलेले असल्याने उभ्या जोडाच्या ब्रिटिश इंजिनांप्रमाणे त्यातून तेल ठिबकत नसे. अशा इंजिनांच्या मालकांना ही बाब अश्वशक्तीपेक्षाही मोलाची वाटली असल्यास नवल नाही.

खरा फरक सांगाड्यात होता. सीबी७२मध्ये इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग होता आणि त्याच्याखाली नळ्या नव्हत्या. खडकाळ जमिनीवर ही रचना धोक्याची ठरली असती. म्हणून सीएल७२साठी इंजिनाला खालून कवेत घेणारा नवा पोलादी सांगाडा बनवण्यात आला आणि पोटाखाली संरक्षक पत्रा बसवण्यात आला. या बदलाची किंमत मात्र द्यावी लागली. सीबी७२चा विजेवर चालणारा स्टार्टर इंजिनाच्या पुढच्या बाजूस असे. सांगाड्याची नवी नळी नेमकी तेथूनच खाली उतरत असल्याने स्टार्टर वगळावा लागला. त्यामुळे सीएल७२ केवळ किक मारूनच सुरू होत असे.

दोन्ही चाके १९ इंचांची होती. पेट्रोलची टाकी लहान, हँडल रुंद व मधोमध आडव्या दांडीने बळकट केलेले होते. दोन्ही एक्झॉस्ट नळ्या डाव्या बाजूने उंचावरून मागे जात आणि चालकाचा पाय भाजू नये म्हणून त्यांवर छिद्रांचे आवरण असे. सुरुवातीच्या गाड्यांत आवाज दाबण्याची सोय नावापुरतीच असल्याने त्यांचा कर्कश आवाज दूरवर ऐकू जाई.

बाहाचा प्रवास

गाडीच्या टिकाऊपणाविषयी ग्राहकांची खात्री पटवण्यासाठी अमेरिकन होंडाने एक कठीण प्रवास योजला. त्यासाठी बड एकिन्स या नामांकित चालकाकडे विचारणा झाली. परंतु तो ट्रायम्फ कंपनीच्या गाड्यांचा विक्रेता असल्याने त्याने आपला भाऊ डेव्ह एकिन्स याचे नाव सुचवले. मार्च १९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन (धाकटे) हे दोघे दोन सीएल७२ घेऊन अमेरिकेच्या सीमेलगतच्या तिहुआना येथून निघाले. ला पाझ हे गंतव्य साडेनऊशे मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे १,५३० किलोमीटर दूर होते. द्वीपकल्पाच्या दोन टोकांना जोडणारा पक्का महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण झाला. तोवर मधला बहुतांश मार्ग म्हणजे वाळू, दगडधोंडे आणि कोरड्या तळ्यांतून गेलेल्या चाकोऱ्या होत्या.

वेळेचा पुरावा म्हणून निघताना आणि पोहोचल्यावर तारघरातून शिक्क्यासह तार करण्यात आली. एकिन्सने हे अंतर ४० तासांच्या किंचित आत कापले. जाहिरातीसाठी योजलेल्या या प्रवासातून नकळत एक क्रीडापरंपरा जन्मली. एप्रिल १९६७ मध्ये ब्रूस मायर्स याने स्वतः घडवलेल्या 'डून बगी' प्रकारच्या मोटारीतून ही वेळ मोडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'मेक्सिकन १०००' ही शर्यत सुरू झाली. आजची 'बाहा १०००' ती हीच.

उत्तरकाल

१९६५ मध्ये याच सांगाड्यात ३०५ सीसीचे इंजिन बसवून सीएल७७ आली व तिचे उत्पादन १९६८ पर्यंत चालले. (रॉबर्ट पर्सिग याने आपल्या गाजलेल्या ग्रंथातील प्रवास जिच्यावर केला, ती सीबी७७ ही तिची रस्त्यावरील बहीण होय.) 'सीएल' हे नाव पुढे लहानमोठ्या अनेक गाड्यांना मिळाले. परंतु त्यांपैकी बहुतेक रस्त्यावरच्याच गाड्या होत्या. उंच नळ्या आणि रुंद हँडल यांपलीकडे त्यांच्यात आडवाटेचे फारसे काही उरले नव्हते. स्वतंत्र सांगाडा लाभलेली सीएल७२ त्यांच्यापेक्षा अधिक प्रामाणिक गाडी म्हणावी लागेल, तरी दोन सिलिंडरांचे वजन तिलाही जडच जाई.

१९६८ मध्ये यामाहाने डीटी-१ ही हलकी, एका सिलिंडरची दोन-स्ट्रोक मोटारसायकल अमेरिकेत आणली आणि आडवाटेवरील गाडी कशी असावी याची कल्पनाच बदलली. होंडानेही १९७२ मध्ये एक्सएल२५० ही एका सिलिंडरची गाडी काढली. त्यानंतर स्क्रॅम्बलर हा प्रकार मागे पडला. २०२२ मध्ये होंडाने सीएल५०० जाहीर करून हे नाव पुन्हा वापरात आणले. तिच्याही एक्झॉस्टची नळी बाजूने वर उचललेली आहे.