झोडिअ‍ॅक किलर: कोडं सुटलं, खुनी नाही सापडला

१९६८-६९ मध्ये कॅलिफोर्नियात किमान पाच खून करणारा ‘झोडिअ‍ॅक’ वर्तमानपत्रांना गुप्तलिपीतली पत्रं पाठवायचा. पहिली लिपी एका शिक्षकानं आणि त्याच्या पत्नीनं तेव्हाच उलगडली. ३४० चिन्हांची दुसरी ५१ वर्षं अडून राहिली. २०२० मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तीन हौशी मंडळींनी ती फोडली. उत्तर तपासता येण्यासारखं होतं, एफबीआयनंही ते मान्य केलं. पण त्यात खुन्याचं नावच नव्हतं!

नावं मात्र हौशी तपासकांकडे ढीगभर आहेत. सर्वांत गाजलेलं आर्थर ली अ‍ॅलनचं. २००७ च्या ‘झोडिअ‍ॅक’ चित्रपटानं तर अनेकांच्या डोक्यात तोच खुनी पक्का केला. प्रत्यक्षात त्याच्यावर या खुनांचा खटला कधीच चालला नाही. २००२ च्या चाचणीत पत्राच्या पाकिटावरचा डीएनएही त्याच्याशी जुळला नाही. तोवर अ‍ॅलनला जाऊन दहा वर्षं झाली होती.