हिंदूरावच्या टेकडीवरून: हुक्का, फिल्टर आणि व्होल्टेजचं बटण

मागच्या भागात आपण १८५७ च्या वेढ्यात दिल्लीच्या रिजवर होतो. आजही त्याच टेकडीवर थांबू या. तोफा बाजूला ठेवू, आज धुराबद्दल बोलायचं आहे.

जे नव्याने जोडले गेलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तर दिल्लीत रिजवर महापालिकेचं हिंदूराव रुग्णालय आहे आणि खाली सदर बाजाराकडे बाडा हिंदूराव ही वस्ती. रोज हजारो माणसं हे नाव घेतात, पण हिंदूराव कोण ते विचारलं तर रिक्षावाला आपल्याकडेच बघत राहतो. तर हे आपल्या कागलच्या घाटग्यांपैकी. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं आणि पुढे हिंदूराव दिल्लीत स्थायिक झाले. मार्च १८३५ मध्ये कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला. त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५५ मध्ये ते वारले आणि दोनच वर्षांनी त्या बंगल्यावर मेजर रीडच्या सिरमूर गुरख्यांनी मोर्चा धरला. ते सगळं मागच्या भागात झालं आहे.

फ्रेझरच्या पिढीचे दिल्लीतले इंग्रज हुक्क्याचे शौकीन होते. रेसिडेंट ऑक्टरलोनी याचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे. हिंदुस्थानी पोशाखात साहेब लोडाला टेकून बसलेत, समोर नाच चाललाय आणि हातात हुक्क्याची नळी. कलकत्त्यात तर १७७९ मध्ये हेस्टिंग्ज पतिपत्नीच्या मेजवानीच्या आमंत्रणात लिहिलं होतं की पाहुण्यांनी नोकर आणू नयेत, हुक्काबरदार सोडून! ते चित्र पाहताना मला नेहमी वाटतं, हुक्का ही त्या काळची 'सुधारित' वस्तूच होती. चिलमीपेक्षा थंड, मुलायम आणि दिसायला सभ्य.

हा विषय आज काढायला एक कारण झालं. माझ्या युनिटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा गेल्या महिन्यात घरी आला होता. वडिलांची तीस-पस्तीस वर्षांची सिगारेट. मध्यंतरी कुणीतरी त्यांना पेनासारखी साधी ई-सिगारेट आणून दिली. आता खोकला आहे, दम लागतो आणि सिगारेटही पूर्ण सुटलेली नाही. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही सिग्नल्समध्ये होतात, तुम्हाला व्होल्टेज कळतं. दोन-अडीच हजारांत व्होल्टेज कमी-जास्त करता येणारं एक मिळतंय. बाबांना घेऊन देऊ का? साध्यापेक्षा चांगलं असतं म्हणतात."

प्रश्न प्रेमापोटी आलेला होता, म्हणून नीट उत्तर देणं भाग होतं.

आधी विजेचं बघू. या उपकरणात एक लिथियम बॅटरी असते, एक तारेचं वेटोळं आणि निकोटिन मिसळलेलं द्रव. वेटोळं तापतं, द्रवाची वाफ होते. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि वापरता वापरता ३.७ च्या खाली उतरते. साध्या पेनात त्यामुळे दिवसभरात झुरका पडत जातो. बटणवाल्या उपकरणात एक छोटं सर्किट असतं, ते व्होल्टेज ठरवलेल्या जागी धरून ठेवतं. ही खरी सुधारणा आहे, ते मान्य करायला हवं. पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेटोळ्याचा रोध २ ओहम धरा. ४ व्होल्टला ८ वॅट होतात आणि ४.८ ला साडेअकरा. म्हणजे बटण पाचव्या हिश्शाने वर नेलं की उष्णता जवळजवळ दीडपट. २०१५ मध्ये अमेरिकेत पोर्टलँडच्या संशोधकांनी असं एक उपकरण तपासलं. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर टीकाही झाली, की इतक्या तापलेल्या वेटोळ्याचा जळका झुरका माणूस घेणारच नाही. टीकेत तथ्य आहे. तरी बटण वापरणाऱ्याच्या बोटाखाली आहे, आणि तलफ आलेली माणसं ते कुठल्या बाजूला फिरवतात हे सांगायला संशोधक लागत नाही.

आता इतिहास. माझ्या मते खरं उत्तर तिथे आहे.

उत्तर हिंदुस्थानात तंबाखू दरबारी थाटात पोचली ती आपल्या दख्खनेतून. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती बादशहाला नजर केली, आणि सोबत एक सुरेख रत्नजडित नळी. त्याने उपकरणाची वर्णनं फार प्रेमाने लिहून ठेवली आहेत: नळी अचिनची, तोंडाला लावायचा भाग यमनी अकीकाचा. अकबराने थोडे झुरके घेतले. हकीम पुढे आला आणि त्याने आणखी ओढू दिलं नाही; हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, म्हणाला. असद बेगाने वाद घातला, की नव्या गोष्टी कधीतरी पहिल्यांदा येतातच. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी मागितली आणि व्यापाऱ्यांनी आणली. बारा-तेरा वर्षांत, १६१७ मध्ये, जहांगीराला तंबाखूबंदीचं फर्मान काढावं लागलं. फर्मानाचं काय झालं ते कुठल्याही पानाच्या ठेल्यावर दिसतं.

हुक्क्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल की अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने तो शोधला, धूर पाण्यातून नेला की शुद्ध होतो म्हणून. गोष्ट छान आहे, फक्त सन जुळत नाही. गिलानी १५८९ मध्ये वारला, असद बेगाची नळी दरबारात आली ती पंधरा-सोळा वर्षांनी. पण अशी गोष्ट लोकांना हवीशी का वाटली ते बघा. तिच्यात वैद्य आहे आणि पाणी आहे. दोन्ही मिळून ओढणाऱ्याच्या मनाला स्वस्थता देतात. प्रत्यक्षात पाणी धूर थंड करतं. निकोटिन बरचसं पार होतं, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड तर सरळ छातीत जातो. थंड धूर घशाला लागत नाही, म्हणून माणूस जास्त खोल ओढतो.

हेच पुढे सिगारेटच्या बाबतीत झालं. १९५२ मध्ये अमेरिकेत 'केंट' नावाची सिगारेट आली, तिच्या फिल्टरची जाहिरात आरोग्य जपणारा म्हणून होती. फिल्टरमध्ये निळं अॅस्बेस्टॉस होतं! चार वर्षं ते विकलं गेलं. नंतर 'लाइट' आल्या. आमच्या मेसमध्येही कॅन्टीनच्या कपाटावरून लोक लाइटचं पाकीट उचलायचे आणि बायकोला सांगायचे, आता कमी केलीय. लाइट ओढणारा जास्त जोरात ओढतो आणि भोकं बोटाने झाकतो, त्यामुळे शरीरात जायचं तेवढं जातंच. २०१० पासून अमेरिकेत पाकिटावर 'लाइट' लिहायला मनाई आहे.

ई-सिगारेटचा आजचा अवतार चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडवला. ते स्वतः अट्टल धूम्रपान करणारे होते आणि त्यांचे वडीलही फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर सिगारेट सोडण्यासाठी हे साधन सुचवतात, आणि निकोटिनच्या च्युइंग गमपेक्षा त्याने जास्त लोक सिगारेट सोडतात असं चाचण्यांत दिसलंय. जळणारं पान नसल्याने टार नसतो, हेही खरं. पण त्या चाचण्यांत सिगारेट सोडायची असते. आमच्या सहकाऱ्याचं दोन्ही चालू आहे. त्यांच्यासाठी बटणवालं उपकरण म्हणजे हुक्क्याचं पाणीच.

आणि भारतापुरता कायदा स्पष्ट आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं सगळं बंद. पहिल्यांदा पकडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, पुन्हा पकडलं तर तीन वर्षं. साठा केला तरी शिक्षा. परदेशातून मुलांकडून मागवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, आयात त्यात येते. म्हणून ते दोन-अडीच हजारांचं जे 'मिळतंय', त्यातल्या द्रवात काय आहे, बॅटरी कुणाची आहे, हे विचारायला ग्राहक कुठे जाणार? फुगलेली लिथियम बॅटरी मी पाहिली आहे, ती खिशात ठेवायची वस्तू नव्हे. विडी, सिगारेट मात्र खुली विकली जाते, हा विरोधाभास मलाही खटकतो. कागलहून हमरस्त्याने वीसेक किलोमीटरवर निपाणी आहे, विडीच्या तंबाखूचं माहेर. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी तंबाखूला भाव मागत रस्त्यावर बसले आणि गोळीबारात मेले. ज्या पानावर इतके संसार उभे आहेत ते बंद करायला कुठलंही सरकार दहादा विचार करणार, आणि परदेशी डबी बंद करायला एक सकाळ पुरते. त्यावर स्वतंत्र भाग करू.

त्या मुलाला मी पत्ता दिला तो टेकडीच्या पलीकडचा. विद्यापीठाच्या उत्तर परिसरात वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे, हिंदूरावपासून रिक्षाच्या अंतरावर. तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन तिथूनच चालते, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे आणि हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. वडिलांची छाती आधी तपासून घे, खोकला उपकरणाचा आहे की आणखी कशाचा ते कळू दे, आणि गम किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो त्यांना घेऊन जाणार आहे. मीही सोबत जाईन म्हणतोय. वाटेत फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकस्तंभ दाखवायचा आहे, तो या रुग्णालयाच्या जवळच उभा आहे आणि आमचे सुभेदारसाहेब तीस वर्षं दिल्लीत राहून त्यांनी तो पाहिलेला नाही.